सलाम नको, गेट उघड

"सलाम नको, गेट उघड."

सिस्टर माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते एवढंच. ठाण्यात बाळकुमच्या त्या सोसायटीत मी गेटवर नवीन लागलेले. गाडी आली की टाच जुळवायची, हात कपाळाला लावायचा, मग गेटचा आडवा दांडा वर करायचा, असं एजन्सीने शिकवलेलं. मी तसंच केलं. समोर निळी गाडी होती, जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या जातीची, गोल दिव्यांची. पांढऱ्या केसांच्या बाईने काच खाली करून मला तसं सांगितलं, आणि मी घाबरून दुसरा सलाम ठोकला.

"बाय, चढावर थांबवू नको," ती म्हणाली. "गाडीला नाय आवडत. मनापण नाय."

घाबरणं माझ्या अंगातच आहे. मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन कल्याणजवळ मोहन्याला भाड्याच्या खोलीत आले. इथे ओळखीचं कोणी नाही. कोणी जरा मोठ्याने बोललं की मला वाटायचं, गेली नोकरी. तुम्ही कुठल्याही गेटवरच्या बाईकडे नीट बघा. ती गाड्यांचे नंबर बघत नसते, गाडीतल्या माणसाचं तोंड बघत असते, आज कसं आहे म्हणून.

सिस्टर म्हणजे नर्स. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची खोली सांभाळून रिटायर झालेली. बाळकुम गाव होतं तेव्हापासूनचं ख्रिश्चन घर. त्यांच्या वाडीवरच हा टॉवर उभा राहिला. तिला त्यात एक फ्लॅट मिळाला आणि तळघरात लिफ्टला लागून गाडीची जागा. सोसायटीतले लोक तिला आंटी म्हणायचे. ती ऐकू न आल्यासारखं करायची. सिस्टर म्हटलं की लगेच वळायची.

सगळ्यांना वाटायचं, गाडी नवऱ्याची आठवण आहे. एकदा सी विंगमधल्या एका बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अंकलचा किती जीव असेल ना हिच्यावर." सिस्टर चाकाजवळ बसलेली होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला चालवता येत नव्हती. मी माझ्या पगारातून घेतली. तो मागे बसायचा आणि हळू हळू करत ओरडायचा." त्या बाईंचं पाणी आटलं.

लग्नाचे फोटो काढायला गाडी द्या, म्हणून लोक यायचे. पैसे बरे देत होते. तिने कधी दिली नाही. "रोज चालते ती," एवढंच सांगायची. तिला तेच महत्त्वाचं. गाडी पुसून, फुलं लावून उभी करायची नाही. बाजारात न्यायची, चर्चला न्यायची, मच्छीची पिशवी मागच्या सीटखाली ठेवून परत आणायची.

दुरुस्ती ती स्वतःच करायची, तीही हॉस्पिटलच्या पद्धतीने. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तळघरात जायचे, तेव्हा बघत बसायचे. जुनी चादर अंथरलेली. वाकड्या वाटीसारखा तो हॉस्पिटलचा स्टीलचा ट्रे असतो, त्यात नटबोल्ट. बारीक जागी तेल सोडायला सुई काढलेली इंजेक्शनची नळी. आत पडलेला स्क्रू काढायला लांब चिमटा. कुठलाही भाग उघडला की त्याच्या तोंडावर गॉजच्या, म्हणजे जखमेवर ठेवतात त्या जाळीदार कापडाच्या, घडीचं झाकण, धूळ जाऊ नये म्हणून. वायरींवर चिकटपट्ट्या, त्यांवर पेनाने लिहिलेलं. गंज आलेला पत्रा ती काचकागदाने घासायची तेव्हा जखम साफ करतात तसा तिचा चेहरा व्हायचा, दया नाही, पण हात हलका.

आणि बॉनेट लावायच्या आधी मोजणी. ट्रेमधलं, चादरीवरचं एकेक उचलून ती मोठ्याने मोजायची. शेवटी मला विचारायची, "आत काय राहिलं?"

मी बघून म्हणायचे, "काही नाही राहिलं."

मग बॉनेट बंद. पहिल्यांदा मी हसले तर तिने मला सांगितलं की ऑपरेशनला पोट शिवायच्या आधी असंच करतात. एकीने मोजायचं, दुसरीने बघून बोलायचं. एकटीच्या मोजण्याला काही किंमत नसते, कारण माणूस स्वतःवर लगेच विश्वास ठेवतो. आजवर माझं उत्तर कोणाला लागलं नव्हतं. हिला रोज लागायचं.

दसऱ्याला मी झेंडूचा हार आणला आणि भीत भीत विचारलं, लावू का. ती म्हणाली, लाव की. मग घरातून चर्चच्या पाण्याची बाटली आणून तिने तेही बॉनेटवर शिंपडलं. "दोघांना सांगून ठेवलं. ब्रेकचं मात्र मी बघणार."

आता सेक्रेटरींचं सांगते. माणूस वाईट नव्हता. स्वच्छतेची आवड, बोलणं गोड. त्यांना लिफ्टजवळच्या त्या जागेवर विजेच्या गाड्यांचं चार्जिंग बसवायचं होतं. त्यांनी नोटीस लावली की बंद पडलेली वाहनं भंगारात काढली जातील. बंद पडलेलं वाहन म्हणून नंबर एकच लिहिलेला, सिस्टरचा. मध्ये ब्रेकचं काम काढल्यामुळे गाडी काही आठवडे बाहेर निघाली नव्हती, तेवढं निमित्त त्यांना पुरलं.

सिस्टर नोटीस हातात घेऊनच मीटिंगला गेली. तिथे काय झालं ते मला लिफ्टमनने सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, आंटी, ती गाडी राहिली नाही, शोपीस आहे. सिस्टर म्हणाली, रविवारी सकाळी सगळ्यांनी उतारावर उभं राहा. तळघरातून गाडी स्वतःच्या ताकदीने चढून गेटबाहेर गेली तर जागा माझी, पुन्हा विषय काढायचा नाही. नाही चढली तर घेऊन जा. लोकांनी हात वर केले. रविवारी करमणूक कोणाला नको असते?

सेक्रेटरींनी मला वेगळं बोलावून सांगितलं, "तू गेटवर राहायचं. तिच्या गाडीपाशी दिसलीस तर एजन्सीला फोन करेन." मी हो म्हटलं. मी सगळ्यांनाच हो म्हणायचे. शनिवारी जेवणाच्या सुट्टीतही मी खाली गेले नाही, डबा गेटवरच खाल्ला.

शनिवारी सिस्टरने कार्बोरेटर साफ केला. काम संपत आलं तेव्हा सेक्रेटरी तिथे आले आणि समजावू लागले की आंटी, या वयात कशाला, तुम्हालाच त्रास. त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. मग धाडकन बॉनेट बंद झाल्याचा आवाज आला.

रविवारी सकाळी उताराच्या दोन्ही बाजूंना माणसं. मुलं कठड्यावर. भंगारवाल्याला सेक्रेटरींनी आधीच बोलावून ठेवलेलं. तो टेम्पो लावून माझ्याच खुर्चीवर चहा पीत बसलेला. सिस्टर चर्चच्या कपड्यांत आली, केसांना क्लिप. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. मी मनातल्या मनात हुश्श केलं.

उताराच्या मध्यावर गाडी खोकली. मागून काळा धूर आला, पेट्रोलचा वास सुटला आणि इंजिन बंद. हँडब्रेक ओढल्याचा आवाज झाला, तरी गाडी इंचभर मागे सरकलीच. मी गेटजवळचा दगड उचलला, धावत जाऊन मागच्या चाकाखाली लावला. लावल्यावर कळलं की मी गेट सोडलं आहे.

दोन पोरं धक्का द्यायला पुढे आली. सिस्टर खिडकीतून ओरडली, "हात लावू नका. मग म्हणाल, तुम्ही चढवली."

तिने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन लागलं, धूर आला, बंद. पुन्हा तसंच. तिचे हात स्टिअरिंगवर होते आणि पहिल्यांदाच ते मला म्हाताऱ्या बाईचे वाटले. सेक्रेटरी जवळ येऊन हळू म्हणाले, "बस झालं आंटी. या खाली." भंगारवाल्याने चहाचा कप ठेवला.

मला गाडीतलं काही कळत नाही. मला एवढंच आठवलं की शनिवारी मी खाली गेले नव्हते आणि मला कोणी काही विचारलं नव्हतं. सगळे साहेब लोक उभे. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"सिस्टर, काल मोजणी झाली नाही."

सेक्रेटरी वळले. "तुला कोणी विचारलं?"

"मी विचारते तिला," गाडीतून सिस्टर म्हणाली. "रोज विचारते."

ती उतरली. त्या चढावरच बॉनेट उघडलं. एअर फिल्टरचं मोठं गोल डबडं काढलं आणि खाली कार्बोरेटरच्या तोंडात बघितलं. मग चर्चच्या पर्समधून चिमटा काढला. हो, पर्समधूनच. आतून तिने गॉजची घडी बाहेर ओढली, काळी, पेट्रोलने भिजलेली. तिने स्वतःच झाकण म्हणून ठेवलेली. गाडीला श्वासच मिळत नव्हता.

दुसरा कोणी असता तर ती मुठीत लपवली असती. सिस्टरने चिमट्यात धरून सगळ्यांना दिसेल अशी वर केली. "बघा. ही माझी चूक. गाडीची नाय." मग सेक्रेटरींकडे बघून म्हणाली, "चाळीस वर्षं पेशंटच्या पोटात काय राहू दिलं नाय. काल तुमच्याशी भांडण्यात राहिलं. भांडण मात्र मी सोडणार नाय."

मग तिथेच, सगळ्यांसमोर, चिमटा, पाना, फिल्टरचा नट, एकेक मोजून दाखवलं आणि मला विचारलं, "आत काय राहिलं?"

मी वाकून नीट बघितलं. "काही नाही राहिलं."

गाडी चढली. दगड तिथेच राहिला आणि ती घरघर करत वर आली. माझ्या खुर्चीवरून उठलेला भंगारवाला म्हणाला, "ही तर चांगली चालते की." मी धावत पुढे जाऊन दांडा वर केला. चर्चला तिला उशीर झालाच.

जागा तिचीच राहिली. सोमवारी एजन्सीचा फोन आला आणि मला मागच्या गेटवर टाकलं. तिथे कचऱ्याची गाडी आणि पाण्याचे टँकर यायचे. मी दिवसभर रडवेली. संध्याकाळी मागच्या गेटला हॉर्न वाजला. निळी गाडी. त्या दिवसापासून सिस्टर मागच्याच गेटने जायची-यायची, लांब वळसा घालून. सेक्रेटरींनी विचारलं तर म्हणाली, माझी ओळखीची सिक्युरिटी आहे तिकडे. अशा बाईचं देणं मी कसं फेडणार? तिला सांगायला गेले तर म्हणायची, गेट उघड.

मागच्या पावसाळ्यात ती हॉस्पिटलात भरती झाली, या वेळी पलंगावरची म्हणून. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. ड्युटी संपली की दर आठवड्याला गाडी सुरू करायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, बंद करायची, बस. मी करत राहिले. ती परत आली नाही, तरी करत राहिले.

मग वसईहून तिचा भाचा आला, गाडी न्यायला. सोबत क्रेन. जड वाहनं मागच्याच गेटने येतात, म्हणून क्रेन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी दांडा उचलला नाही.

भाचा खाली उतरून आला. "ताई, काय झालं?"

"क्रेन नको," मी म्हटलं. "ती चालते." आणि खिशातली किल्ली पुढे केली.

त्याने माझ्याकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं, ती घेऊन खाली गेला. मी कान देऊन उभी राहिले. एक झटका. दुसरा. मग ती घरघर उतार चढून वर येऊ लागली. क्रेनवाला मागे सरकला.

निळं बॉनेट, गोल दिवे. माझा हात आपोआप कपाळाकडे निघाला. अर्ध्यावरून मी तो खाली घेतला आणि गेट उघडलं.