झीलीला जागा

अकोल्याला गाडी लागली तेव्हा नुकतं उजाडत होतं, आणि टेस माझ्याआधी फलाटावर उतरून उभी होती. हातात गिटार नव्हती. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण कॉलेजात असताना माझ्या खोलीच्या भिंतीवर या बाईचा जो फोटो चिकटवलेला होता, त्यात ती गिटारशिवाय ओळखूच आली नसती. आता समोर पिकल्या केसांची, सुती कुडता घातलेली, पाठीला साधी पिशवी लावलेली एक बाई चहावाल्याकडे बघून हसत होती. मला एकदम भरून आलं. पन्नाशी ओलांडलेल्या, दुभाषाचं काम करून पोट भरणाऱ्या बाईने असं हळवं होऊ नये, पण झाले खरी.

टेस कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेतल्या एका पोलाद कारखान्याच्या गावात ती वाढली. कारखाना बंद पडला, गाव रिकामं झालं, आणि ही पोर शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये दोन-तीन दोस्तांबरोबर गायला लागली. त्या संगीताला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे काय गं, असं आईने तेव्हा विचारलं होतं. रेडिओवाल्यांना जे आधी अजिबात नको असतं आणि मग तेच हवं असतं ते, असं मी ठोकून दिलं होतं. आजही याहून बरी व्याख्या मला सुचत नाही.

पहिली कॅसेट तिने गाडीच्या डिकीतून विकली. मग एक गाणं जगभर गेलं. कारखाना बंद झाल्यावर आईने न पेटवलेल्या चुलीचं ते गाणं. त्याचं धृपद तीनदा येतं, दर वेळी आधीपेक्षा वर, आणि तिसऱ्यांदा ते अशा जागी जातं की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. त्या वरच्या सुरावर तिचं सगळं नाव उभं होतं. पुढे मोठ्या कंपनीने गोड प्रेमगीतं मागितली, हिने भांडण करून कंपनी सोडली, आणि वर्षानुवर्षं छोट्या सभागृहांत स्वतःची गाणी लिहून गात राहिली. मला तिचा हाच भाग जास्त आवडतो.

मग गळ्यात गाठ आली, शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, पण वरचा सूरही गेला. एका कार्यक्रमात नेमक्या त्या तिसऱ्या धृपदाला तिचा आवाज फाटला. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि जगभर फिरवलं, लोकांनी हसूनही घेतलं. गाणं अर्धवट टाकून ती निघून गेली, ती त्यानंतर कुणासमोर गायली नाही.

वऱ्हाडात येण्याचं कारणही मोबाइलच. शेंदूरजनाघाटच्या बायकांच्या खंजिरी भजनाची एक चित्रफीत तिच्यापर्यंत कशी कोण जाणे पोचली होती. यांच्यासमोर एकदा बसायचं, एवढंच तिला हवं होतं. परत गेल्यावर आपण गाणं थांबवल्याचं ती जाहीर करणार होती. हे तिने मला पुण्यातच, दुभाषाच्या कामावर ठरवताना सांगितलं, आणि एक अट घातली. तिला कुणी गायला सांगितलं तर मी मध्ये पडायचं आणि थांबवायचं. मी शब्द दिला. माझ्या जिवावर आलं होतं, तरी दिला.

गाडीवाले प्रमोदभाऊ अकोल्याचेच. निघाल्या निघाल्या त्यांनी विचारलं की या मॅडम काय करतात. गाणं म्हणतात, असं मी सांगून बसले. मग म्हणू द्या की एखादं, असं ते आरशात बघत म्हणाले. माझी चांगलीच तंतरली. त्यांचा घसा दुखतोय, असं मी घाईने सांगितलं, आणि बोरगाव मागे पडेपर्यंत प्रमोदभाऊंनी आम्हाला हळद, लवंग, मध आणि ज्येष्ठमध असे सगळे उपाय ऐकवले. टेसला मी काही भाषांतर करून दिलं नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला लावली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, नजर थकेल तिथवर. हरभरा काढणीला आलेला, मध्ये पऱ्हाटी (कपाशीची झाडं) वेचणी होऊन उभी. पुण्याच्या आसपास डोंगर मध्ये येतात आणि नजरेला कुंपण पडतं. इथे ते नाही. टेसने ढेकूळ उचलून हातात फोडलं, आणि कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. इतकं मोठं आकाश तिने गावाकडे पाहिलं होतं, पण त्याच्याखाली इतकी काळी माती नव्हती, असं ती म्हणाली. मी नेहमी प्रवाशांना घाई करते. त्या दिवशी केली नाही.

मूर्तिजापुरात शकुंतलेचे (इथली जुनी छोट्या रुळांची आगगाडी) रूळ बघितले. रुळांमध्ये बाभळी माजल्या आहेत. अमरावतीला पोचलो तोवर भुकेने जीव जात होता. प्रमोदभाऊंनी थेट गिला वड्याच्या गाडीपाशी नेलं (गिला म्हणजे ओला: उडदाचा वडा, दह्यात बुडवलेला, वर तिखट चटणी). टेसने तीन प्लेटा खाल्ल्या. तिसरीला वडेवाल्याने पैसे घेतले नाहीत, आणि माझ्याकडे मात्र पहिलीलाच सुटे मागितले. असो.

वरूडच्या पुढे सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्रीच संत्री. मृगाचा बहार (पावसाच्या सुरुवातीला फुलावर आलेली फळं) तोडणीला आलेला. फळांच्या वजनाने फांद्या मोडू नयेत म्हणून प्रत्येक झाडाला बांबूंचे टेकू दिलेले. मी संत्री आयुष्यभर खाल्ली, पण झाडाला इतक्या काठ्यांचा आधार लागतो हे मला माहीत नव्हतं. टेसने खिडकीची काच खाली केली आणि त्या वासात डोळे मिटून घेतले.

शेंदूरजनाघाटला आमच्या यजमान पंचफुलाबाई. साठीच्या, दणकट, स्वतःच्या बगीच्यातली संत्री स्वतः उभं राहून व्यापाऱ्याला देणाऱ्या. भजन मंडळाच्या प्रमुखही त्याच. आम्हाला बघून त्यांनी आधी पाणी दिलं, मग संत्री सोलून हातात ठेवली, आणि मग मला विचारलं की ही बाई इतकी वाळलेली काहून? वऱ्हाडी बोलणं पुण्याच्या कानांना भांडल्यासारखं लागतं. दोन दिवसांत कळलं की ही माणसं मायेनेच असं बोलतात, आणि माया नसली तर बोलतच नाहीत.

तोडणीचं काम आटोपून, उन्हं उतरताना बायका देवळाच्या मंडपात जमल्या. पेटी, टाळ आणि खंजिऱ्या. खंजिरी म्हणजे वीतभर रुंदीचं, एका बाजूने कातडं मढवलेलं कडं. दिसायला किरकोळ. पण पंचफुलाबाई गुडघ्यांवर उभ्या राहिल्या, त्यांनी खंजिरीवर थाप मारली, आणि माझ्या छातीत ती थाप वाजली. डोक्यावरून, पाठीमागून, गुडघ्याखालून खंजिरी फिरत होती आणि ताल तसूभर हलत नव्हता. दिवसभर झाडांवर चढलेल्या बायका या. एवढा जोर कुठून आणतात, देव जाणे. टेस तोंड उघडं टाकून बघत होती. मीही.

यांच्या गाण्याची रीत समजून घ्यायला हवी. पुढे बसलेली बाई ओळ सुरू करते, पण ती शेवटाला नेत नाही. वर चढायची वेळ आली की ती थांबते, आणि मागे बसलेल्या बायका ती ओळ उचलतात. याला झील धरणं म्हणतात, आणि मागच्या त्या झीलकरी. पुढचीने ओळ टाकायची, मागच्यांनी झेलायची. पुढचीने सगळं स्वतःच म्हटलं तर ते इथे उद्धटपणाचं समजतात.

आणि या मंडळाची आणखी एक रीत आहे, जी मला कुणीच आधी सांगितली नव्हती. शेवटी एक खंजिरी हातोहात फिरते. जिच्या हातात येईल तिने एक गाणं म्हणायचं, मग ती सून असो की पाहुणी. खंजिरी आमच्या बाजूने सरकायला लागली तशी मला टेसला दिलेला शब्द आठवला. मी पंचफुलाबाईंच्या कानाशी लागले. यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, या गात नाहीत, कृपा करून पुढे द्या, असं काकुळतीला येऊन सांगितलं.

“गळा बसला असंन त हळू म्हना,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “आमी आहो ना.”

मी टेसकडे वळले. खंजिरी तिच्या हातात पोचली होती. मी ती काढून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिने नको म्हणून मान हलवली. भजन तिला कुठलं येणार? तिने तेच गाणं धरलं. चुलीचं.

आवाज खरखरीत होता, खालचा, जवळजवळ बोलल्यासारखा. पंचफुलाबाईंनी दोन ओळी ऐकून दुसऱ्या खंजिरीवर ठेका धरला, आणि तो बसला. पहिलं धृपद गेलं. दुसरं गेलं. मी तिच्याजवळ सरकले, कारण तिसरं काय आहे ते त्या मंडपात मला आणि तिलाच माहीत होतं. ती चढायला लागली. एक पायरी, दुसरी, आणि नेमक्या त्या जागी आवाज फाटला. ती थांबली. तिचा चेहरा मी पाहिला, आणि मला वाटलं की हे माझ्यामुळे झालं, आता ही उठून जाणार.

तेवढ्यात मागून बायकांनी ओळ उचलली.

शब्द नव्हते, नुसता ‘आ’कार. पण चाल दोनदा ऐकून त्यांच्या तोंडात बसली होती, आणि त्या सगळ्या जणी मिळून तिला नेमकी तिथे घेऊन गेल्या जिथे टेस तरुणपणी एकटी जात असे. तोच सूर, पण सगळ्यांच्या गळ्यातून. माझ्या अंगावर काटा आला. मग मी रडले, ते लपवायच्या भानगडीतही पडले नाही. टेस खंजिरी छातीशी धरून मागे वळून त्या बायकांकडे बघत राहिली होती.

त्यांनी तिची कीव केली, असं मला वाटलं होतं. तसं काहीच नव्हतं. तिचा आवाज फाटला हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाई थांबली, म्हणजे झीलीला जागा दिली, एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांचं गाणं असंच असतं. उलट पंचफुलाबाईंची तक्रार होती.

“गानं चांगलं हाय बाई तुमचं,” त्या टेसला म्हणाल्या, “पन झीलीले जागा लय उशिरा देता. आमच्या बाया कवाच्या वाट पाहून राह्यल्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “एवढं वरतं एकटीनं काहून गाते हे? हिच्या मांगं बसाले कोनी नाई का?”

दुभाषाचं काम इतकी वर्षं केलं, पण हे वाक्य इंग्रजीत सांगताना मी दोनदा अडखळले. 

“आमच्याकडे सगळे समोर बसतात,” टेस म्हणाली.

“मंग कसं जमंन?” पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. या वेळी टेसने जागा लवकर दिली.

नंतर रोडगे झाले (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी आणि तुपाची धार. दुसऱ्या दिवशी टेस आपणहून मागच्या रांगेत, झीलकऱ्यांत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. नागपूरच्या विमानतळावर तिने मला मिठी मारली. जाहीर करायचं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

घरी परतल्यावर मी पुन्हा माझ्या कामाला लागले. पण कुठलंही गाणं ऐकताना गाणाऱ्याच्या मागे कोण बसलंय, हे बघायची खोड लागली ती लागलीच. मग एकदा टेसचा निरोप आला. तिने थांबल्याचं जाहीर केलंच नव्हतं. आपल्याच गावात, छोट्या सभागृहात ती गायली होती. तिसऱ्या धृपदाला तिने जागा दिली, आणि कुणीच उचललं नाही. लोक आदराने गप्प बसून राहिले. आता काय करू, असं तिने विचारलं होतं. मला नाही, पंचफुलाबाईंना.

मी शेंदूरजनाघाटला फोन लावला. मंग शिकव म्हना त्यायले, असं उत्तर आलं. आमच्या बाया काय पोटातून शिकून आल्या व्हत्या? मी ते जसंच्या तसं पाठवलं.

काही आठवड्यांनी एक चित्रफीत आली. टेस गाणं मध्येच थांबवते, लोकांना ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावते, मग पुढच्या रांगेतल्या बायकांना वर बोलावून आपल्या मागे जमिनीवर बसवते. त्या लाजतात, हसतात, बसतात. तिसरं धृपद येतं, टेस थांबते, आणि मागून ओळ उठते. जरा वेडीवाकडी, पण उठते.

मी ती पंचफुलाबाईंना पाठवली आणि न राहवून लगेच फोन केला. त्यांनी ती मंडळातल्या सगळ्या बायकांना बसवून दाखवली होती.

“सूर कच्चा हाय त्यायचा,” त्या म्हणाल्या. “पन बसल्या ना मांगं.”