बिलातलं ‘फक्त’

कापड दुकानात चिंध्या साचतात, किराणा दुकानात बारदान साचतं. आमच्या नंदुरबारच्या पाइप-पत्र्याच्या दुकानात किस्से साचतात, आणि तेही एकाच शब्दाचे! बिलाच्या तळाशी ‘अक्षरी रुपये अमुक अमुक फक्त’ असतं ना, त्यातल्या ‘फक्त’चे.

ऐकायला अगदी बिनकामाचा शब्द. पण त्याच्यापायी गेल्या उन्हाळ्यात आमच्या पारसशेठचा वडिलांच्या वेळचा माणूस तुटायची पाळी आली. मी तिथे बिलं करतो, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं.

*

कामाला लागलो तेव्हा पहिलंच बिल लिहिलं, ‘अक्षरी रुपये पाचशे’, आणि पेन खाली ठेवलं.

शेठ ओरडले, “अरे, दार उघडं सोडी दिधं तुनी!”

मी उठून दुकानाचं दार लावायला निघालो.

“ते नही रे! पाचशेना मांगे कोणी बी ‘पन्नास’ लिखी टाकी. ‘फक्त’ लिख!”

शेठचे आजोबा राजस्थानातून आले तेव्हा म्हणे ‘मात्र’ लिहायचे. अर्थ तोच. रक्कम इथे संपली, पुढे कोणी हात लावायचा नाही.

*

एका गुरुजींना विहिरीवरची मोटार घ्यायची होती. बिल हातात आल्यावर त्यांनी तास सुरू केला. ‘फक्त’ हा मूळ अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला, जुन्या पत्रांच्या शेवटी ‘फकत’ लिहीत, म्हणजे ‘मजकूर संपला’. मोटार बाजूलाच राहिली. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती.

शेठ हात जोडून म्हणाले, “शब्द कोठून बी येवो, गुरुजी. पैसा तुमनाकडथून येवाले पाहिजे!”

*

मग कॉम्प्युटर आला. एक बिल रद्द केलं तर मशीनने इमानदारीत छापलं, ‘रुपये शून्य फक्त’.

मी हसत म्हटलं, “शेठ, शून्यालाही कुलूप?”

शेठ अजिबात हसले नाहीत. “शून्यना मांगेच लोके जास्त लिखतस!”

*

सवय माणसाला सोडत नाही. एका मिरचीवाल्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नात शेठनी आहेराच्या पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘रुपये एकशे एक फक्त’.

व्यापाऱ्याने ते चारचौघांत वाचलं आणि म्हणाला, “‘फक्त’ लिखानी गरज नव्हती, शेठ. पाकीट हातमा लिधं तव्हयच समजनं!”

शेठ न जेवता परत आले असं म्हणतात. मी तिथे जेवत होतो, त्यामुळे खात्री देता येत नाही.

*

आता दामजाकाका. सातपुड्यातल्या मोलगीकडचे म्हातारे. शेठच्या वडिलांपासून आमचं गिऱ्हाईक. त्या बाजूचा कोणीही पत्रे घ्यायला उतरला की काकांचं नाव सांगूनच दुकानात शिरतो. गेल्या उन्हाळ्यात नव्या घराला पत्रे घ्यायला आले. सोबत कॉलेजात शिकणारी नात, रमिला. पैसे दिले, बिल नातीकडे दिलं.

रमिलाने मोठ्याने वाचलं, “अक्षरी रुपये चाळीस हजार फक्त.”

काकांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. “हाई ‘फक्त’ काय शे?”

“रिवाज शे, काका,” शेठ म्हणाले.

“आख्खा घरनी कैऱ्या सोल्यात. हातनी कातडी गयी. आमचूर इकी पैसा आना. आनि तू लिखस फक्त?”

शेठनी पन्नास कसे घुसतात ते समजावलं. काका ऐकत नव्हते.

“तुन्हा बाप बी हाईच लिखे का?”

वडील लिहीतच होते. फक्त तेव्हा वाचणारं काकांच्या घरात कोणी नव्हतं.

काकांनी बिल काउंटरवर ठेवलं. “पैसा परत दे. पत्रा दुसरीकडे भेटी.” आणि पायरी उतरले.

मी शेठना इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. तसेच अनवाणी रस्त्यावर गेले आणि काकांचा हात धरला. “तुम्हीच सांगा काका, काय लिखू?”

काका मागे वळले. “पुरे लिख. एक बी कमी नही.”

शेठनी ‘फक्त’वर रेघ मारली आणि लिहिलं, ‘रुपये चाळीस हजार पुरे’. खाली सही केली. रमिलाने वाचून दाखवलं. काकांनी पुन्हा वाचायला लावलं, मग घडी घालून बिल खिशात ठेवलं.

पत्रे पिकअपमध्ये चढले. ड्रायव्हरने विचारलं, मोलगीपर्यंतचं भाडं कोण देणार?

काकांनी शेठकडे बोट दाखवलं. “‘पुरे’ लिखं ना तुनी? मंग भाडं बी यामाच धर! आते चहा मांगाड.”