रिफ्रेशताईची यादी

अगं रिफ्रेशताई,

रागावलीस तरी मी हेच नाव वापरणार. ऑफिसच्या पंचविसाव्या वर्षाची पुस्तिका निघते आहे आणि तुझ्यावर मी लिहावं असं ठरलंय. “आदरणीय, कर्तव्यदक्ष असं काहीतरी येऊ द्या,” असंही सुचवण्यात आलं. मी म्हटलं, तसलं हवं असेल तर दुसरं कुणीतरी बघा. मी तुझ्याशी बोलल्यासारखंच लिहीन, बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं.

ज्यांनी आपलं ऑफिस पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. एकीत ऑक्सिजनच्या टाक्या, दुसरीत एक कॉम्प्युटर, दोन टेबलं आणि पाठ टेकली की कुरकुरणाऱ्या तीन खुर्च्या. ज्यांना घरी दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं त्यांना आपण मशीन वापरायला देतो. मशीन विजेवर चालतं. वीज गेली की मशीन बंद, मग टाकी लागते. मशीनं एकशे चाळीस आणि टाक्या नऊ. म्हणजे वीज कुठल्या गल्लीत जाणार ते आधी कळायला हवं आणि टाकी तिथे आधी पोचायला हवी. काम एवढंच, पण चुकलं तर कुणाचा तरी श्वास अडकणार.

त्यासाठी बाहेरून दोन याद्या येतात. कुठे किती वाजता वीज बंद, ही वीज कंपनीची यादी रोज. पेशंटांची नावं, पत्ते, फोन, ही रुग्णालयाची यादी दर सोमवारी. जुनी काढायची, नवी भरायची, दोन्ही जुळवायच्या आणि फोन लावायचे. व्यवस्थापक एकदा म्हणाले, “वीजवाल्यांची यादी रोज कशाला? आठवड्यातून एकदा पुरे.” तू मान वर न करता विचारलंस, “साहेब, तुम्ही दाढी आठवड्यातून एकदा करता?” तुझ्या नवऱ्याचं सलून, त्यामुळे तुझी सगळी उदाहरणं कात्री-वस्तऱ्याची. “आमच्या घरात दोघंही वाढलेलं कापतो,” असं तूच सांगत फिरायचीस.

खरं तर हे वेड माहेरचं. तुझे वडील बसस्थानकावर वेळापत्रकाचा फळा रंगवायचे. एखाद्या बसची वेळ बदलली की त्याच संध्याकाळी शिडी लावून जुना आकडा पुसायचे, अंगात ताप असला तरी. खाली शिडी धरायला तू. बारावीनंतर शिकणं झालं नाही, पण डेटाबेसचं ते जाडजूड पुस्तक तू वर्तमानपत्राचं कव्हर घालून, भाजी निवडता निवडता वाचून काढलंस. मी पदवीधर, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली, मला त्यातलं एक पान पुढे सरकलं नाही.

आपली गाठ पडली ती यांचं मशीन परत करायला मी आले तेव्हा. हे जाऊन तीन आठवडे झाले होते. तू पोच लिहिलीस आणि विचारलंस, “काकू, दुपारच्या काय करता?”

“काही नाही.”

“मग फोन करायला या. माझा घसा बसतो.”

सांत्वनाचा एक शब्द नाही. तिथेच तू मला आवडलीस.

आता त्या मंगळवारबद्दल. तू म्हणशील, काकू, ते कशाला? लिहिणार. कारण तुझं सगळं काम त्या एका दिवसात कळतं.

रुग्णालयाची यादी बरोबर असतेच असं नाही. लोक घर बदलतात, फोन बदलतात आणि रुग्णालयाला कळवायचं विसरतात. तू फोनवर बोलता बोलता ते ऐकायचीस आणि त्याच यादीत दुरुस्त करायचीस. शेवटच्या रकान्यात शेरे लिहायचीस. “बेल वाजवू नये, कुत्रा पिसाळल्यासारखा करतो.” “सुनेशी बोलावे, मुलाला घरातलं काही ठाऊक नसतं.” “आजी हो हो म्हणतात पण ऐकू येत नाही, दोनदा विचारावे.” दोन वर्षांचे शेरे. तोवर रुग्णालयाकडून फक्त नव्या पेशंटांची नावं यायची आणि तू ती खाली जोडायचीस. मग त्यांनी दर सोमवारी पूर्ण यादी पाठवायला सुरुवात केली आणि कॉम्प्युटरवाल्याने तुला ‘रिफ्रेश’चं बटण करून दिलं. दाबलं की जुनी यादी बाद, नवी हजर. सोमवारी संध्याकाळी तू ते दाबलंस आणि मला म्हणालीस, “बघा काकू, कसं चकाचक झालं!”

चकाचकच झालं होतं. मंगळवारी सकाळी वीज जाणाऱ्या गल्ल्यांत चार घरं निघाली. तिघांनी फोन उचलला. चौथे चित्रकलेचे मास्तर, त्यांचा फोन बंद. तू शेरा बघायला गेलीस तर रकाना कोरा. वर गेलीस, कोरा. खाली गेलीस, कोरा. “काकू, माझं सगळं गेलं,” म्हणालीस. तुझ्या तोंडचं पाणी पळालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आठ महिन्यांपूर्वीची एक प्रत सापडली. पण मास्तर लेकीकडे राहायला गेले ते दोन महिन्यांपूर्वी. नवा फोन, नवा पत्ता, दोन्ही तू टाइप केलेले आणि तूच पुसलेले. लेकीच्या गल्लीत वीज जाणार होती की नाही तेही कळेना. नऊ वाजलेले. यादीतल्या बहुतेक गल्ल्यांची वीज अकराला जाणार.

“रडायचं असेल तर बारानंतर रड,” मी म्हटलं. “ते फोनवर काय बोलायचे ते आठव.”

तू डोळे मिटलेस. “लिफ्ट बंद असते म्हणायचे. तिसरा मजला. आणि समोर दिवसभर लाकूड कापतात, डोकं उठतं.”

लाकडाच्या वखारी गावात दोन. दोन्हींच्या गल्ल्या त्या दिवशीच्या यादीत! आपली मशीनं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने टाकी गाडीत घातली, आपण दोघी टाकीला धरून मागे. पहिल्या वखारीसमोर एकमजली घरंच होती. दुसरीसमोर तीन मजल्यांची इमारत होती आणि करवतीच्या आवाजात तू रस्त्यात उभी राहून अशी ओरडलीस, “मास्तऽऽर!” की वखारवाल्याने करवत थांबवली. तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडली आणि नाकात नळी लावलेला एक चेहरा बाहेर आला.

मेकॅनिक टाकी खांद्यावर घेऊन वर पोचला तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती. लेक कामावर गेलेली, मास्तर घरात एकटे, आणि आपल्यावरच उखडलेले.

“फोन करून यायची काही पद्धत?”

“केला होता मास्तर,” तू धापा टाकत म्हणालीस. “तुमच्या जुन्या नंबरवर.”

“तो मी कधीच बंद केला!”

“म्हणूनच आलो ना!”

अकराला पंखा थांबला. मशीन थांबलं. टाकी सुरू झाली. मास्तर म्हणाले, “आता आलाच आहात तर चहा घ्या.” तू चहाचा कप हातात धरून घळाघळा रडलीस. बाराची वाट पाहिली नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू दोन याद्या वेगळ्या केल्यास. बाहेरून येणारी एक, तिला हात लावायचा नाही. आपली एक, तिच्यात शेरे आणि नवे फोन, तिला बटण लागू नाही. मला समजावलंस, “ती पाहुण्यांची खोली काकू. चादरी रोज बदलतात. आपली पर्स तिथे ठेवायची नाही.” एकशे चाळीस घरांना आपण पुन्हा फोन केले, अकरा दिवस लागले. आणि तू नियम केलास की चूक असेल तर ती रुग्णालयातच दुरुस्त व्हायला हवी. खिडकी क्रमांक चार, फक्त बुधवारी, साडेबाराला बंद. नातेवाईक हजर हवा, अर्जावर त्याची सही हवी. मास्तरांच्या लेकीला तू हाताला धरून नेलंस. पुढे किती जणांना नेलंस त्याची गणती नाही.

राहिले ते आमचे हे. मशीन परत झालं तरी रुग्णालयाच्या यादीत यांचं नाव होतंच. दर सोमवारी तू बटण दाबायचीस आणि हे परत यायचे.

“काकू, या बुधवारी जाऊ या?”

“या बुधवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचंय.”

पुढच्या बुधवारी तुझ्या सासूबाईंचा चष्मा. त्याच्या पुढच्या बुधवारी मला कंटाळा. मग तू विचारायची थांबलीस, आणि तुझ्या यादीत यांच्या नावापुढे शेरा लिहिलास, “फोन करावा. काकू उचलतात.” मी तो वाचला हे तुला माहीत नाही.

नवऱ्याने दुसऱ्या गावात सलून थाटलं म्हणून तू गेलीस. तुझ्या जागेवरची मुलगी बरी आहे, रोज बटण दाबते. परवा यादी बघून तिचा घरी फोन आला, तो नंबर माझा हे तिला ठाऊक नाही. “आजोबांचं मशीन आहे ना? उद्या अकरा ते एक वीज नाही. टाकी पाठवू?”

“नको,” म्हटलं, “पाणी भरून ठेवते.”

तू भरलेला अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. सगळे रकाने तुझ्या अक्षरात, सहीची जागा तेवढी मोकळी. येणार होतीस एखाद्या बुधवारी. दहाच्या आत ये, तिथे रांग असते.