अध्यक्ष, म्हस आणि मधले सर

गेल्या महिन्यात आमच्या कृषी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा मेळावा झाला. जुने-नवे सगळे जमले आणि मंडळाचा इतिहास मी सांगायचा असं ठरलं. तसा स्मरणिकेत तो छापलेला आहेच: माती तपासणी, बियाणं वाटप, शिबिरं, वृक्षारोपण. झाडं कुठं गेली ते विचारू नका. माझ्या वर्षापुढं मात्र एकच ओळ आहे, ‘पशुसंवर्धन उपक्रमात सहभाग’. अहाहा, काय तो सहभाग! कोल्हापूरच्या अख्ख्या शाहूपुरीनं बघितलाय.

मी अध्यक्ष झाले तेव्हा मंडळाच्या खोलीत भिंतभर माजी अध्यक्षांचे फोटो होते, आणि झाडून सगळ्यांना मिशा होत्या. मी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावची, घरात म्हसरं, तोंड फटकळ. पोरांनी मला निवडून दिलं, कारण कार्यक्रमाला वेळेवर येणारी मी एकटीच होते. पण मंडळाचे सल्लागार सर काही मला अध्यक्ष म्हणेनात. आधीच्या प्रत्येकाला त्यांनी ‘अध्यक्ष’ अशीच हाक मारलेली, मला मात्र ‘बाळ’. ‘बाळ, चहाचं बघ जरा.’ ‘बाळ, हार आणलेस का?’ बैठकीत मी काही विचारलं की शेजारच्या पोराकडं बघून उत्तर द्यायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

दिवाळी जवळ आली. पाडव्याला कोल्हापुरात म्हशींचा थाट असतो. शिंगं रंगवतात, गोंडे बांधतात, आणि मालक मोटरसायकलवरनं पुढं निघाला की म्हस त्याच्या मागं पळत सुटते. दोरी न्हाय, काठी न्हाय. मी बैठकीत जाहीर केलं, “यंदा आपल्या कॉलेजच्या गोठ्यातली म्हस घेऊन मंडळ उतरणार.”

सर हसले. “बाळ, तिथं पिढ्यान्‌पिढ्या म्हशी सांभाळलेली माणसं येतात. म्हस तुझ्या मागं कशाला येईल?”

झालं! माझं डोकं सटकलं. “म्हस माझ्या गाडीमागं पळाली न्हाय, तर तिथंच अध्यक्षपद सोडते!”

बोलून तर गेले. सरांनी तो शब्द लगेच झेलला. “सगळ्यांनी ऐकलंय बरं का.”

मग काय, लागलो कामाला. पोरांनी म्हशीला उपाध्यक्ष करून टाकलं. ‘उपाध्यक्षांनी आज धारेला लाथ मारली’ असे निरोप यायला लागले. रोज सकाळी मी मोपेडवर हॉर्न वाजवत पुढं, मागच्या सीटवर मैत्रीण सरकी पेंडीची पाटी मांडीवर घेऊन, आणि मागं उपाध्यक्ष सुसाट. पुस्तकात लिहिलेलं होतं की हॉर्न आणि पेंड रोज एकत्र दिली की पुढं जनावर नुसत्या हॉर्नवर येतं. नुसत्या हॉर्नवर एकदा पळवून बघावं, एवढं मात्र आमच्यातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. पुस्तक आम्ही वाचलं होतं, म्हशीनं नव्हतं.

पाडव्याला शाहूपुरीत ही गर्दी! खाण्याचं आमिष दाखवायचं नाही असा तिथला नियम, म्हणून पाटी गोठ्यातच ठेवली. आमची पाळी आली. मी हॉर्न दिला. म्हस उभी. परत दिला. तिनं शेपटी हलवली आणि आरामात शेण टाकलं.

“पावणं, म्हस झोपली काय वो?” गर्दीतनं कुणीतरी ओरडलं आणि सगळा रस्ता हसायला लागला. मी रडायच्या बेताला आले. गेलं अध्यक्षपद, असं मनाशी म्हणत मी तशीच गाडी पुढं काढली. निदान तोंड लपवायला तरी पलीकडं जावं म्हणून.

सर कडेलाच गाडीवर बसून होते. माझी फजिती बघायला खास आलेले. येताना घरच्या म्हशीसाठी सरकी पेंडीचं पोतं घेतलेलं, ते मोटरसायकलला मागं बांधलेलं. उपाध्यक्षांनी नाक वर केलं, मान वळवली, आणि निघाल्या की!

सरांनी म्हस अंगावर येताना बघितली आणि घाबरून किक मारली. दोन्ही बाजूला माणसंच माणसं. मोकळा रस्ता एकच, माझ्या मागचा. मला मागनं आरडाओरडा ऐकू आला म्हणून वळून बघते तर काय, पुढं मी, माझ्या मागं सर, आणि सरांच्या मागं रंगीत शिंगं रोखून म्हस! लोक शिट्ट्या मारायला लागले.

“अध्यक्षऽऽ! अध्यक्ष, तुमची म्हस आवरा!”

माझा कानावर विश्वास बसेना. इतका आनंद झाला, की खरं सांगते, गाडी थांबवावी असं काही वाटेना.

“ऐकू आलं न्हाय, सर!”

“अध्यक्षऽऽ! आवरा की वो म्हशीला!”

मग थांबले. पोत्यात तोंड घातलेल्या उपाध्यक्षांना धरलं. सरांचा चेहरा पांढराफटक. इकडं पोरांचा वाद सुरू झाला, म्हस नक्की कुणाच्या मागं पळाली? एक म्हातारे गवळी पुढं आले आणि म्हणाले, “पोरगी पुढं हुती, म्हस मागं हुती. मधी एक सर आलं तर काय बिघडलं?” सरांनी घाम पुसत मान डोलावली. माझा फोटो पुढं त्यांनीच भिंतीवर लावला.

हे सगळं मी मेळाव्यात सांगितलं. पहिल्या रांगेत सर बसले होते, आता निवृत्त, पोट धरून हसत होते. भाषण संपवून मी खाली उतरले तशी त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. “अध्यक्ष, इकडं या, इथं बसा.”

मंडळाचा आताचा अध्यक्ष, नुकती मिशी फुटलेलं पोरगं, लगबगीनं पुढं आलं.

“तू न्हाय रे,” सर म्हणाले. “त्यांना म्हणालो.”