आतलं माणूस वर यीस्तोवर

यंत्र मध्येच बंद पडलं की आमची तोंडं उतरायची आणि आक्कांचा चेहरा खुलायचा. "कुणी हात लावू नगा, तसंच ऱ्हाऊ द्या," म्हणत त्या खुर्ची ओढून पडद्यासमोर बसायच्या. माहेराहून आलेल्या माणसाला एकेक खबर विचारावी, तशा त्या बंद यंत्राला विचारत बसत. मध्येच मला म्हणायच्या, "लय ग्वाड चूक हाय गं ही. का झाली आसंल?"

शिरवळच्या आमच्या छोट्या कंपनीत रुग्णाच्या उशाशी ठेवायचे मॉनिटर बनतात. मी साताऱ्याहून रोज बसने यायची. आक्का मूळच्या जतकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. सांगलीला इंजिनिअरिंग शिकलेल्या. त्यांचं काम कर्नलचं. कर्नल म्हणजे यंत्राच्या सगळ्या प्रोग्रॅमना मेमरी वाटून देणारा आणि परत घेणारा मुळातला प्रोग्रॅम. त्यांच्या गावातल्या फौजी मंडळींना मात्र बरीच वर्षं वाटत होतं, की ही पोरगी कुठल्या तरी कर्नलसाहेबांच्या ऑफिसात आहे. आक्कांनी तो समज कधी खोडला नाही. "मान देत्यात, तर घ्यावा की," म्हणायच्या.

एकदा सांगलीच्या एका दवाखान्यातून फोन आला. तिथे आमची काही यंत्रं चाचणीसाठी दिली होती. सिस्टरने सेन्सरची केबल काढली, तरी पडद्यावर ठोके दिसतच राहिले. सिस्टर जागरूक, म्हणून काही बिघडलं नाही. कारण असं निघालं, की केबल काढताच यंत्र त्या सेन्सरची मेमरी मोकळी करत होतं, पण ठोके काढणारा प्रोग्रॅम अजून तीच वाचत होता. पण दुसऱ्या दवाखान्यांना यंत्रं पाठवायची तारीख तोंडावर आली होती. आमच्या साहेबांनी तोडगा काढला: केबल काढल्यावर यंत्राने एक सेकंद थांबावं, मग त्या सेन्सरची मेमरी मोकळी करावी. चाचण्या सुरळीत पार पडल्या. सगळे सुटकेचा नि:श्वास टाकत असताना आक्का म्हणाल्या, "सेकंदच का?"

"पुरतो म्हणून," साहेब म्हणाले.

"कुणाला पुरतो?"

साहेब चिडले. आक्का चिडल्या नाहीत. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. दुपारी जेवणाचा डबा पुढ्यात ठेवून त्यांनी मला समजावलं. "हे बघ, गावातली हीर बुजवायची हाय. आधी वाटंवर काटं टाकायचं, म्हंजी नवं कुणी यीत न्हाई. पर जे आधीच आत पवाय उतरल्यात, त्येंचं काय? ती वर यीस्तोवर थांबायचं, मग माती टाकायची. घड्याळ बघून माती टाकतंय व्हय कुणी?"

दोन दिवस त्यांनी एकच उद्योग केला. ठोके वाचून पडद्यावर काढणारा प्रोग्रॅम मुद्दाम रेंगाळेल अशी सोय केली. मग साहेबांना बोलावलं. स्वतःच्या बोटाला सेन्सरचा चाप लावला, पडद्यावर ठोके उमटले. त्यांनी केबल उपटली. आम्ही सगळे बघत राहिलो. सेकंद गेला, आणखी काही सेकंद गेले. पडद्यावरची हिरवी रेघ उड्या मारतच होती.

आक्कांनी बोट वर केलं. "सायेब, माझं बोट तर हितं हाय. मग काळीज कुणाचं हाय त्ये?"

मोकळी झालेली जागा यंत्राने स्वतःच्या तपासणीसाठी ठेवलेल्या ठोक्यांच्या नमुना-लहरीला देऊन टाकली होती, आणि रेंगाळलेला प्रोग्रॅम तीच जागा वाचत होता. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि यंत्रांची गाडी थांबवायला सांगितली.

दोष होता तो कर्नलचा भाग आमच्या एकट्यांचा नव्हता. जगभरचे लोक मिळून तो फुकट लिहितात, वापरतात. आक्कांनी दुरुस्ती तिकडे पाठवली. कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाचं कोरडं उत्तर आलं: तुम्ही मेमरीचं कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा ताबा, धरून वाचणाऱ्यांची वाट बघताय, पण एकाला बाहेर पडायला तेच कुलूप लागतं; दोघंही जन्मभर थांबतील. मला फार अपमान वाटला. आक्का टेबलावर थाप मारून हसल्या. "दारात मीच उभी, आन भायेर का यीनात म्हून वाट बी मीच बघतीया! हुशार हाय गं गडी." पुन्हा लिहिलं, पुन्हा पाठवलं. या वेळी घेतलं गेलं.

आई गेल्यावर आक्कांचे वडील एकटे पडले. डोळे अधू झालेले, पण शिरवळला यायला तयार नाहीत. "मेंढरं इकली, तरी वास येतोय त्येंचा. तिकडं काय येतोय?" असं त्यांचं म्हणणं. आक्का नोकरी सोडून गावी गेल्या. साहेबांनी शाल दिली, भाषण करायला उभे राहिले आणि दोन वाक्यांतच खाली बसले.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्या गावी गेले. वडील अंगणात घोंगड्यावर बसले होते. आक्का चहा ठेवायला आत गेल्या तसे ते माझ्याकडे सरकले. "परदेशातल्या लोकांनी हिचं काम घेतलंय म्हनं. खरं हाय का गं पोरी?"

"खरं आहे, आबा."

"मग वाचून दाखीव की."

मी फोनवर त्या दुरुस्तीची नोंद शोधली. इंग्रजीतलं मराठीत करत वाचू लागले. आधी वाट बंद करा. आत आहेत ते सगळे बाहेर पडेपर्यंत थांबा. मगच जागा मोकळी करा. शेवटी करणाऱ्याचं नाव, पूर्ण लिहिलेलं: "शालन म्हाकू..."

म्हाताऱ्याने हात वर केला. "माझं कसं आलं त्यात?"

आक्का चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "आवं आबा, मधलं नाव तुमचंच की."

आबा मग अंदाजाने माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "आणिक एकदा वाच."