बाहेर थांबलेला कॅमेरा

"ताई, लायलसाहेब खलास."

यासीनचा हा निरोप फोनवर आला तेव्हा मी सौदीतल्या कतीफ गावच्या मासळीबाजारात उभी होते आणि समोरचा माणूस माझ्यासाठी सुरमईचे तुकडे करत होता. शुक्रवारची सकाळ होती. खलास हा शब्द आम्ही इथे दिवसातून पन्नास वेळा वापरतो. काम झालं, खलास. जेवण संपलं, खलास. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मिळाला, खलास. माणसासाठी तो वापरलेला बघून मला यासीनचा राग आला, आणि मग लक्षात आलं की राग यासीनचा नाहीच. मृत्यूसुद्धा या माणसाला नेमका मिळाला होता. जेद्दाला त्याच्या विद्यार्थ्यांच्या चित्रपटाचा पहिला खेळ होता, तो बघून तो हॉटेलवर आला, बूट काढायला खुर्चीत बसला आणि तिथेच गेला. एक बूट काढलेला, एक पायात. असा शेवट त्याने स्वतः चित्रित केला असता तर मी म्हणाले असते, जरा जास्तच होतंय.

सहा आठवडे झाले. त्याच्या विद्यार्थ्यांनी मला त्याच्याविषयी चार ओळी मागितल्या होत्या, त्या मला जमल्या नाहीत. चार ओळी हे त्याचं काम होतं. माझं नव्हे.

माझं काम काय ते आधी सांगते. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत माझे वडील कामगार होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या बाहेरच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मी अक्षरं शिकले ती त्या ओल्या शाईच्या कागदांवर. माझा पहिला वाचलेला शब्द 'बंधूंनो' हा होता. एकावरचा घाव तो सगळ्यांवरचा, साथीदाराला मागे सोडून कुणी घरी जायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पुढे मी सेफ्टी इंजिनिअरिंग केलं आणि इथल्या एका कंत्राटदार कंपनीत कामगारांसाठी सूचनापत्रकं लिहायला आले. "जिथे युनियन नाही तिथे तू काय लिहिणार?" बाबांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "म्हणूनच लिहिणार." तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि अशी उत्तरं मला फार सुचायची.

त्याच कंपनीत लायल होता. आडनाव फारसं कुणी वापरत नसे. सत्तरी गाठलेला अमेरिकन, पातळ पांढरे केस, खिशाला काळ्या टेपने गुंडाळलेली पुठ्ठ्याची एक चौकट. पोस्टकार्डाएवढी. घामाने मऊ पडली की तो नवी कापायचा. काहीही बघायचं झालं की तो ती डोळ्यासमोर धरायचा आणि हवं तेवढंच जग ठेवून बाकीचं कापून टाकायचा. कंपनीसाठी तो प्रशिक्षणाच्या फिल्म काढायचा. शिडी कशी लावावी, हेल्मेट का घालावं. मला वाटलं होतं, उतारवयात पगारासाठी आलेला कुणी कॅमेरामन असेल.

मग कळलं की तरुणपणी याने अमेरिकेत तीन पूर्ण लांबीचे चित्रपट काढले होते. पहिला एका नदीकाठच्या गावातल्या पुराचा. पूर दाखवायला पैसे नव्हते, म्हणून त्याने पाणी दाखवलंच नाही. माणसं आपलं सामान एकेक फळी वर चढवत जातात, एवढंच. शेवटी एक बाई झोपलेल्या बाळाला कपाटावर ठेवते. दुसरा एका घरातल्या भांडणाचा, सगळाच्या सगळा पाच वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून काढलेला. मोठ्यांचे चेहरे शेवटपर्यंत दिसत नाहीत, दिसतात ते हात आणि चपला. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तिसऱ्यासाठी मोठ्या स्टुडिओने पैसे दिले आणि चित्रपट तयार झाल्यावर त्याच्या पाठीमागे शेवट बदलला, गोड केला. लायलने चित्रपटावरून आपलं नाव काढून घेतलं. त्यानंतर त्याला तिथे कुणी काम दिलं नाही. तेव्हा या देशात एकही सिनेमागृह नव्हतं, आणि हा सिनेमावाला इथे येऊन शिड्यांच्या फिल्म काढत बसला.

हे सगळं त्याने मला एका दुपारी कँटीनमध्ये डाळभात खाताना सांगितलं, हवामान सांगावं तसं. आणि मी जळले. तत्त्वांच्या गोष्टी मी लहानपणापासून करत आले होते, पण तत्त्वासाठी मी तोवर काय गमावलं होतं? एकदा कॉलेजची एक परीक्षा बुडवली होती. तीही पुढच्या सत्रात दिली. या माणसाने अख्खं आयुष्य देऊन टाकलं होतं आणि त्याबद्दल एक घोषणासुद्धा दिली नव्हती.

तो मला 'कॉम्रेड' म्हणायचा. चिडवायला. माझं प्रत्येक पत्रक मी त्याला इंग्रजीतून वाचून दाखवायचे, कारण कंपनीत वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. तो चौकटीतून माझ्याकडे बघत ऐकायचा आणि म्हणायचा, "कॉम्रेड, फार शब्द आहेत."

"विषय गंभीर आहे," मी म्हणायचे.

"हो ना. म्हणूनच."

आता ज्या पत्रकामुळे हा लेख लिहावा लागतोय त्याच्याकडे येते. तेलाच्या रिकाम्या टाक्या आतून साफ कराव्या लागतात. एक माणूस आत उतरतो, कंबरेला दोर बांधून. दुसरा टाकीच्या तोंडाशी दोर धरून उभा राहतो, त्याला आमच्याकडे होल-वॉच म्हणतात. आत वायू साठलेला असला तर उतरलेला माणूस कोसळतो, आणि बाहेरचा त्याला वाचवायला धावत आत जातो आणि तोही कोसळतो. म्हणून नियम एकच आहे. काहीही झालं तरी बाहेरच्याने आत जायचं नाही. बाहेरून दोर ओढायचा, भोंगा वाजवायचा, श्वासाची उपकरणं घातलेली माणसं येईपर्यंत तिथेच थांबायचं.

हे पत्रक मी हिंदीत लिहिलं, उर्दूत करवून घेतलं, आणि कंपनीच्या यार्डात बरेच कोकणातले लोक होते म्हणून हट्टाने मराठीतही काढलं. जाड पिवळ्या कार्डावर, खिशात टिकेल असं. पण साथीदार कोसळला तर आत जाऊ नका, हे वाक्य माझ्या हातून उतरेना. बाबांच्या मुलीने असं लिहायचं? म्हणून मी मथळा दिला, 'आपला साथी आत कोसळला तर'. त्याखाली पहिली ओळ लिहिली, 'क्षणाचाही विलंब न करता मदतीला धावा.' मग एकजुटीबद्दल, मग वायूबद्दल, मग पण, परंतु, तथापि... आणि सगळ्यात शेवटी, तळाला, खरी गोष्ट.

यासीन रत्नागिरीकडचा. त्याच्याच गावचा अन्वर त्याच्याबरोबर काम करायचा. कार्डं वाटल्यानंतर महिन्याभरात अन्वर टाकीत कोसळला आणि होल-वॉचवर असलेल्या यासीनने दोर टाकून आत उडी घेतली. बचाव पथक जवळच होतं. दोघेही वाचले, म्हणून मी हे लिहू शकते आहे. अन्वरची छाती कायमची अधू झाली आणि तो गावी परत गेला.

हॉस्पिटलमध्ये मी यासीनजवळ बसले. त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता, तो त्याने बाजूला केला.

"कार्ड वाचलं नव्हतं का रे?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"वाचलं की, ताई. खिशातच होतं. पहिलीच ओळ... मदतीला धावा. धावलो."

त्यानंतर दोन दिवस मी ऑफिसात नुसती बसून होते. तिसऱ्या दिवशी लायल आला. त्याने झालेलं सगळं ऐकलेलं होतं. मला वाटलं, म्हणेल, सांगितलं होतं ना.  त्याऐवजी टेबलावरच्या गठ्ठ्यातली दोन-तीन कार्डं उचलून त्याने बोटांनी वाकवून पाहिली.

"ही घेऊ? पुठ्ठा चांगला आहे."

एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. मी म्हटलं, "सगळी घेऊन जा."

त्याने फिल्म काढली, साडेतीन मिनिटांची, एकही शब्द नसलेली. यार्डात आठ भाषांची माणसं होती. त्यात यासीनलाच त्याने उभं केलं. कॅमेरा टाकीच्या तोंडाशी ठेवला आणि तो शेवटपर्यंत आत गेलाच नाही. एक माणूस आत उतरतो, दोर सरकत जातो, दोर थांबतो, सैल पडतो. मग कॅमेरा यासीनच्या पायांवर. पाय पुढे होतात. बुटाचं टोक टाकीच्या काठाला लागतं. तिथे लायलने पन्नास सेकंद ठेवली आहेत. पन्नास सेकंद एक माणूस आत जायला धडपडतो आणि जात नाही. मग पाय मागे येतात, टाचा वाळूत रुततात, भोंगा वाजतो आणि दोर ताणला जातो. तिथेच फिल्म संपते.

कँटीनमध्ये ती दाखवली तेव्हा लोक जेवायचे थांबले. एका पठाणाने आपले पाय टेबलाखाली मागे ओढलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवसापासून टाकीवर उभा राहणारा प्रत्येक जण आधी टाचा रोवायचा. माझी गोष्ट होती ती. साथीदाराला न सोडण्याची. बाहेर उभं राहणं हीच सोबत आहे, हे मला इतकी वर्षं पत्रकं वाचून कळलं नव्हतं आणि या माणसाने ते एका बुटाच्या टोकावर दाखवलं होतं.

त्या हिवाळ्यात बाबा व्हिजिटवर महिनाभर आले. शुक्रवारी लायलच्या घरी गेलो. त्याच्या खोलीत एक भिंत कोरी होती, तिच्यावर त्याने बाबांना फिल्म दाखवली. बाबांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. दोघं म्हातारे शेजारी बसले होते आणि मी मागे, दुभाषी म्हणून, जिची काहीच गरज नव्हती.

फिल्म संपली. बाबा म्हणाले, "विचार त्यांना, आतला माणूस वाचला का?"

मी विचारलं. लायल म्हणाला, "त्यांना काय वाटतं?"

"वाचला," बाबा म्हणाले. "दोराला वजन होतं शेवटी, पण दोर आतून हललाही होता." आणि मग माझ्याकडे न बघता, "याला म्हणतात पत्रक."

"काय म्हणाले?" लायलने विचारलं.

"आवडली म्हणाले," मी सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात वाईट भाषांतर आहे आणि मी ते जाणूनबुजून केलं. परतताना गाडीत मी बाबांना विचारलं, "आणि माझी पत्रकं?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. "तुझी भाषणं असतात गं अजून..." म्हणाले. बाबांकडून आजवर मला शाबासकी मिळालेली नाही. ती त्या परक्या माणसाला मिळाली, आणि मी ती त्याच्यापर्यंत पोचूही दिली नाही.

पुढे इथे सिनेमागृहं उघडली. स्थानिक तरुण मुलं-मुली लायलला शोधत आली. शुक्रवारी त्याच्या घरी चपलांचा ढीग पडायचा. यासीनही जायचा, दिवे धरायला. मी कमी जायला लागले. कारणं सांगायचे, कामाची. लायलने एकदाच फोन केला. "कॉम्रेड, बाबांनी त्या दिवशी बरंच काही म्हटलं होतं. तू दोनच शब्दांत सांगितलंस. तू एवढं कमी कधीच बोलत नाहीस." मी हसण्यावारी नेलं. तो वाट बघत फोनवर थांबला होता. मी खरं सांगितलं नाही. आता सांगता येणार नाही.

मागच्या आठवड्यात कंपनीने त्याची खोली रिकामी केली. आवरायला यासीन होता. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि त्याने ती चौकट माझ्या हातात ठेवली. "ताई, हे तुमचंच दिसतंय."

उन्हाने टेपचा डिंक सुटून एका कोपऱ्यात अक्षरं दिसत होती. मी टेप सोलून काढली. खाली पिवळा पुठ्ठा होता. माझं मराठी कार्ड. त्याने अक्षरं न वाचता मधोमध खिडकी कापली होती, त्यामुळे फक्त कडा उरल्या होत्या. वरच्या कडेला मथळा, 'आपला साथी आत कोसळला तर'. खालच्या कडेला माझी शेवटची ओळ, 'बाहेरच थांबा. दोर सोडू नका.' एकजूट, वायू, पण, परंतु, तथापि, आणि ती पहिली ओळ... मधलं सगळं त्याने कापून टाकलं होतं. ज्या भाषेतलं एक अक्षरही त्याला येत नव्हतं, तिच्यात त्याने माझं पत्रक दुरुस्त करून ठेवलं होतं, आणि ते वर्षानुवर्षं खिशाला लावून फिरत होता.

मी त्याचा हेवा करणं थांबवलेलं नाही. काल यार्डात टाकी उघडली तेव्हा मी चौकट डोळ्यासमोर धरली. जिथे माझे शब्द होते तिथून यासीन दिसत होता. टाचा वाळूत, दोर हातात.

रात्री बाबांना फोन केला आणि म्हटलं, "त्या दिवशी मी लायलला चुकीचं सांगितलं होतं."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मला इंग्रजी येत नाही, पण तू किती बोललीस ते ऐकू आलं होतं."