तलावाच्या पाळीवर वाचलेली दुरुस्ती

गोंदियाला उतरले तीच दमलेली. जबाबदार बातमीदारी, लोकांचा विश्वास, दोन्ही बाजू ऐकणं… पत्रकारांपुढे हीच प्रवचनं झोडून माझा मलाच वीट आला होता. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने हिंदीतून विचारलं, "कौनसी पार्टी का कार्यक्रम है?" कुठलीच नाही, वार्ताहरांचं शिबिर आहे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

सभागृहात वार्ताहर आपापल्या पक्षाप्रमाणे दोन बाजूंना बसले. "चूक झाली तर लगेच दुरुस्ती छापा," मी म्हटलं. तिरोड्याकडचा होमेंद्र उठला.

"छापली ना मॅडम. तरी गावात माझ्याशी कोणी बोलून नाही राहिलं."

त्याच्या गावच्या तलावात मासे मेले होते. शालिकराम या ढिवराने (मासेमाराने) विरोधी पक्षाच्या सांगण्यावरून विष टाकलं, असा मेसेज फिरला आणि होमेंद्रने न विचारता बातमी केली. पुढे तपासणीत कळलं, आटलेलं पाणी तापून मासे मेले. तोवर शालिकरामच्या मुलीची ठरलेली सोयरीक अडली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवर त्याच्या गावी निघालो. वाटेत बोदलकशाजवळ टायर पंक्चर झालं आणि भर उन्हात गाडी ढकलावी लागली. त्याच्या घरी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण जेवलो, तेव्हा जीव थाऱ्यावर आला.

गावची रीत अशी, की तलावावरून घेतलेला आळ पाळीवर (बांधावर) चारचौघांत मागे घ्यायचा. होमेंद्रला ते ठाऊक होतं, पण छापून सुटलो असं त्याने मानलं होतं. आता पाळीवर जमलेल्या दोन्ही पक्षांच्या लोकांसमोर त्याने पेपर उघडून दुरुस्ती वाचली.

शालिकराम म्हणाला, "मले न विचारता काऊन लिवलं?"

"काका, सगळेच म्हणून राहिले होते."

"मी नोतो का त्या सगळ्यायमंदी?"

होमेंद्रची मान खाली गेली. "चुकलो, काका."

"मले नोको सांगू. पोरीच्या होणाऱ्या सासरी जाऊन वाच."

तो तिकडे गेला, मी स्टेशनवर आले. गाडी सुटता सुटता त्याचा फोन आला.

"वाचलं, मॅडम. विचार करून सांगतो म्हणाले. पण तो मेसेज त्यायच्या आणखी सोयऱ्यायकडे गेला आहे. आता तिकडं जाऊन राहिलो."

ती मुलगी मी पाहिलीही नव्हती, तरी जीव तिच्यात अडकला. 'दुरुस्ती छापा' एवढंच सांगून खाली बसणं आता माझ्याने होणार नाही. खोटी बातमी लोकांनी बसल्या जागेवरून गावोगाव धाडली होती. खरी मात्र होमेंद्र उन्हात दारोदार नेत होता, आणि कुणी त्याला आत बोलावेलच असं नव्हतं.